आईच्या तोंडी परका आवाज

मी त्याला माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की शेवटी आम्ही दोघं चहा पिऊन हसलो बिसलो. तसं काही झालं नाही. मागच्या महिन्यात कळंबच्या स्टँडवर तो दिसला. कुणाच्या तरी गाडीतून उतरत होता, पोट सुटलंय आता. मी नजर हटवली नाही. त्यानंच मान फिरवली आणि मोबाइल कानाला लावला. फोन आला बिला काही नव्हता, उगाच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणखी एक. मी लिहायला बसले की पुस्तकी मराठी येते, शाळेत मार्क त्याचेच मिळायचे. पण राग आला की माही जीभ आपल्या मनानं घरी जाते. तेव्हा मध्येच वऱ्हाडी लागली तर समजून घ्या की बाई तापली आहे.

यवतमाळला कॉलेजात आमचं शेवटचं वर्ष होतं. सरांनी प्रत्येक गटाला दहा मिनिटांच्या आतला लघुपट करायला सांगितला. गट त्यांनीच पाडले, चिठ्ठ्या टाकून. माझ्या नशिबी तो आला. वणीचा पोट्टा, बापाचे कोळशाचे ट्रक, अंगात नेहमी इस्त्रीचा शर्ट. पहिल्याच बैठकीत त्यानं जाहीर केलं की कथा माझी, पटकथा माझी, संवाद माझे आणि डायरेक्शनही माझंच. बाकीच्यांनी काय करायचं? तर बाकीच्यांनी मदत करायची. मला म्हणाला, "तू साउंड घे. बांबू धरून उभं राहायचं फक्त."

मी हो म्हटलं. मला राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगते, मला आवाजाचंच काम पाहिजे होतं. त्याला कारण माझी आई.

कळंब तालुक्यात आमचं गाव. आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. तिच्या आवाजाची गावात ख्याती होती. शाळेच्या ओट्यावर उभं राहून तिनं "खिचडी झाली वो पोट्टेहो" म्हटलं की नाल्याच्या पलीकडं खेळणारी पोरं धावत सुटायची. मास्तरांनी बेल वाजवायचंच सोडून दिलं होतं. आणि पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात वंदना सुरू करायची ती तिनंच. हातात पुस्तक धरून बसलेल्या बायासुद्धा आई कधी सुरू करते याची वाट पाहायच्या. चार बुकं शिकलेली नाही, पण आवाज असा की म्हातारी माणसं डोळे मिटून घ्यायची. आमच्या घरात मिरवावं असं दुसरं काही नव्हतं. आईचा आवाज होता, आणि तो तिलाही माहीत होता. कुणी वाखाणला की "जाय तिकडं" म्हणायची आणि दिवसभर गुणगुणायची.

तर मशीन माझ्या हाती आली. कॉलेजकडं आवाज रेकॉर्ड करायचं एकच यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. त्याचा माइक मी आमच्या घरच्या बांबूला बांधला, ज्या बांबूनं आम्ही शेवग्याच्या शेंगा पाडतो त्याला. यंत्राचं बटण अडकायचं. एकदा बंद केलं की पुन्हा चालू व्हायला दोन मिनिटं खायचं, तोवर डायरेक्टर साहेबांचा पारा चढायचा. म्हणून मी शूटिंग सुरू झालं की चालू करायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसंच ठेवायची. शॉट संपला तरी ते आपलं ऐकतच असायचं. हे त्याला कधी सुचलं नाही, कारण बांबू धरणाऱ्या पोरीकडं कोण बघतो?

कथा काय, तर शहरात शिकायला गेलेला मुलगा घरी येतो, घाईत असतो, आई दारात पाणी घेऊन उभी राहते आणि म्हणते, "बाळा, थोडंसं पाणी तरी पिऊन जा." तो न पिताच निघून जातो. मग वाटेत त्याला रडू येतं. मुलाचं काम अर्थातच साहेब स्वतः करणार. आईच्या कामासाठी यवतमाळच्या नाटकातल्या एक बाई ठरल्या होत्या. शूटिंगच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या नागपूरला गेल्या.

गटाच्या व्हॉट्सॲपवर रडारड सुरू झाली. मीच लिहिलं, माझी आई करेल. हे मीच लिहिलं, दुसऱ्या कुणी नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "मले कायले वं? माहं तोंड सिनेमाचं हाय का?" पण दुसऱ्या दिवशी पाहते तर जावेच्या लग्नातली मोरपंखी साडी उन्हात टाकलेली आणि केसाला तेल लावून बाई बसलेली. शेजारच्या दोघींना सांगूनही आली होती. एक तिच्यासोबत खिचडीच्या कामाला जाणारी आणि एक तिची लहानपणची सखी, दोघी विहारात तिच्या मागं बसणाऱ्या.

रविवारी सगळे आमच्या घरी आले. साहेबांनी साडी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, फाटकं लुगडं नाही का? गरीब दिसायला पाहिजे."

आईला प्रश्नच कळला नाही. "फाटकं माह्याकडं कायले राहीन बापू? फाटलं का त्याची वाकय, गोधडी शिवतो आमी."

मग त्यानं चुलीतली राख घेतली आणि मोरपंखी साडीच्या पदराला चोळली. माझ्या डोळ्यांदेखत. आई हसली. "धुवून निंघते," म्हणाली. मी बांबू धरून उभी होते आणि मला वाटत होतं की प्रोजेक्ट आहे, असं असतं. आता विचारा मला असं असतं का ते. कोन्या बाच्या घरी असते असं? दुसऱ्याच्या घरी जाऊन तिच्या चांगल्या साडीले राख फासाची अन् दुपारी तिच्याच हातच्या चार भाकरी अन् वांग्याची भाजी हानाची! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस म्हणतात तो मी त्या दिवशी जवळून पाहिला. लोणचंसुद्धा मागून घेतलं त्यानं.

खरी पंचाईत संवादाला आली. आईला "थोडंसं" म्हणताच येईना. तिच्या तोंडी जन्मभर उलुसक. उलुसक मीठ, उलुसक थांब, उलुसक सरक तिकडं. कॅमेरा सुरू झाला की ती पेला पुढं करायची आणि अशी काही मायेनं म्हणायची, "बाबू, उलुसक पानी तं पिऊन जाय," की मी हेडफोन कानाशी घट्ट दाबून धरायची. तिसऱ्या टेकला तर कॅमेरावाल्या पोरानं डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, झालं काम.

साहेब म्हणाले, "कट. थोडंसं. मावशी, थोडंसं म्हणा. आणि बाबू नाही, बाळा."

पुन्हा उलुसक. पुन्हा कट. सातव्या वेळी तिनं "थोडंसं उलुसक पानी" असं दोन्ही एका दमात म्हटलं आणि सगळे फिदीफिदी हसले. आईपण हसली. दहाव्या वेळी साहेबांचा तोल गेला. आणि गंमत बघा, तोल गेल्यावर त्याच्या तोंडून पुण्याची मराठी आली नाही. "अबे या बाईले कोनी बोलाले शिकवलं का नाई बे! कोठून धरून आनली? अर्धा दिवस खाऊन राह्यली हे माहा!" अस्सल वणीचं वऱ्हाडी, आईच्याहून जाड. मग आणखी दोन शिव्या, त्या मी इथं लिहीत नाही. चौदाव्या टेकला कसंबसं "थोडंसं" आलं, पण चेहरा शाळेत पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखा झाला होता. तो टेक त्याला आवडला नाहीच.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर बांबू हलला असता, असं मी स्वतःला सांगितलं.

एडिटिंग माझी मैत्रीण करत होती, हॉस्टेलवर राहणारी, भित्री पण हातात कला असलेली. तिनं तिसरा टेक निवडला, चेहरा त्यातच चांगला होता. मी आवाज जुळवून दिला. त्यावर साहेब म्हणाले, शेवटचं मिक्सिंग मी बाहेरून करून घेतो, तुम्ही आराम करा. आम्ही आराम केला. त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, परीक्षा आहे.

मग कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या गटांचे लघुपट दाखवायचा दिवस आला. पालकांना बोलावलं होतं. आई आली, सोबत त्या दोघी. मोरपंखी साडी तीनदा धुतली होती, पदरावरची राख पुरती निघाली नव्हती, पण तिनं निऱ्या अशा घातल्या होत्या की दिसू नये. तिसऱ्या रांगेत बसल्या तिघी. पडद्यावर आईचं तोंड एवढं मोठं आलं तेव्हा सखीनं तिला कोपरानं ढोसलं.

पडद्यावर आईचे ओठ हलले आणि आवाज आला, "बाळा, थोडंसं पाणी तरी पिऊन जा."

तो आवाज आईचा नव्हता. गॅदरिंगला निवेदन करणारी एक पोरगी होती, खालच्या वर्गातली, तिचा तो आवाज. मधाळ, रेडिओवरच्यासारखा. आईच्या ओठांवर "उलुसक" होतं आणि कानात "थोडंसं" पडत होतं. ओठ आधी मिटले, शब्द मागून आला. हॉलमध्ये कुणीतरी फस्सकन हसलं, मग आणखी काही जण. खिचडीवाली मावशी मोठ्यानं म्हणाली, "अवं, हे कोन बोलून राह्यलं?" आणि हसणं आणखी वाढलं.

मी आईकडं पाहिलं. ती पडद्याकडंच पाहत होती. तिनं हात गळ्याशी नेला होता, जणू काही तिथं सापडतं का बघावं.

एसटीत ती पदरावरचा राखेचा डाग नखानं खरवडत बसली. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता पाठमोरीच म्हणाली, "माह्या आवाजाले का झालं होतं वं?"

मी म्हटलं, काही झालं नव्हतं. ती म्हणाली, "मंग?" मी घागर उचलून पाण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठलं. विचारलं, काहून केलं? तो समोसा खात होता. शांतपणे म्हणाला, "अगं, मार्क देणाऱ्या ज्युरीला कळायला पाहिजे ना. आणि खरं सांगू का, राग मानू नको, ते फार वस्तीतलं वाटत होतं."

वस्तीतलं. हा शब्द त्यानं चटणीत समोसा बुडवता बुडवता काढला. वस्ती म्हणजे कोणती, आणि कोणाची, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ते उगाच म्हणत नाहीत. अरे, तुह्या घरी माय तुले 'थोडंसं' देते का रे? तुहा बाप ट्रकच्या डायवरले 'कृपया' मनते का? घरी सारं वऱ्हाडी, अन् कॉलेजात आलं का जिभेले इस्त्री! हे सगळं मनातल्या मनात. तिथंच ठरवलं की याच हॉलमध्ये, याच पडद्यावर, आईचा आवाज ऐकवीन आणि याला उभ्या जागी उघडा पाडीन. यातलं दुसरं मला जास्त पाहिजे होतं, हे आता कबूल करते.

कारण घरी जे होऊन राहिलं होतं ते मला बघवत नव्हतं. आईनं पोरांना हाक मारणं बंद केलं. खिचडी झाली की पळीनं गंज, ते मोठं पातेलं, वाजवायची. मास्तरांनी पुन्हा बेल लावली. पौर्णिमेला विहारात सगळ्या बाया बसल्या, वाट पाहिली, आणि आई बोटं मोजत खाली पाहत राहिली. शेवटी दुसऱ्या एका बाईनं वंदना सुरू केली, ती पहिल्याच ओळीला घसरली. आई मागून हळूच ओठ हलवत होती. आवाज काढला नाही.

संधी महिनाभरात आली. जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या लघुपटांचा एक दिवस ठरला, आमच्याच हॉलमध्ये, आणि आमच्या गटाची निवड झाली. म्हणजे साहेबांची निवड झाली असं तो सांगत फिरत होता. त्यानं नवीन ब्लेझर शिवायला टाकला. मला म्हणाला, "हॉलचा साउंड तूच चेक कर, पेनड्राइव्ह तुझ्याकडंच ठेव." खाली मुंडी पाताळ धुंडी, मी मान हलवली.

मैत्रिणीला घेऊन दुपारी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसले. आधी तिसऱ्या टेकचा आवाज परत आईच्या तोंडी बसवला. एका झटक्यात बसला. बसणारच, तोंड तिचंच होतं. "बाबू, उलुसक पानी तं पिऊन जाय." मैत्रीण म्हणाली, "किती छान गं. बस, झालं, सेव्ह करते."

मी म्हटलं, थांब.

शेवटी नावं वर सरकतात ना काळ्या पडद्यावर, त्याच्याखाली साहेबांनी बासरी टाकली होती. मी बासरी काढली. त्या जागी त्या रविवारचं रेकॉर्डिंग टाकलं. कट. अबे कोनी शिकवलं का नाई बे. कोठून धरून आनली. अर्धा दिवस खाऊन राह्यली. शिव्यांसकट. त्याचं नाव चारदा वर सरकणार आणि खाली त्याचाच आवाज. प्रत्येक ओरडण्यानंतर आईचा आवाज होता. "चुकलं जी. चुकलं माहं. अजून एकडाव घ्या, आता बरोबर मनतो." असं सात वेळा. मैत्रीण म्हणाली, "मावशीचं कापूया का?" मी म्हटलं, नाही, राहू दे सातही. त्याच्यामुळंच तर तो किती नीच आहे ते कळतं. मी हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं असेल. दर वेळी माझं लक्ष त्याच्यावरच होतं, कुठली शिवी कुठल्या नावाखाली बसते यावर.

आईला आणणं अवघड होतं. "मी नाई येत," एवढंच. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "या डाव तुहाच आवाज हाय. माह्यी शप्पथ. मी सोता बसवला." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "त्या दोघीले बी सांगू का?" मी म्हटलं, सांग ना, साऱ्या वस्तीले सांग.

हॉल भरला होता. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या रांगेत, साहेब ब्लेझर घालून त्यांच्या मागं. आई आणि त्या दोघी मध्ये कुठंतरी. मी पेनड्राइव्ह लावला आणि आवाजाच्या कन्सोलजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. मन मस्त होतं.

दाराचा प्रसंग आला. पेला पुढं झाला. "बाबू, उलुसक पानी तं पिऊन जाय."

बाप्पा! काय सांगू. हॉल एकदम चूप झाला. मागं कुणीतरी "अय हय" म्हटलं, पण हसण्याचं नाही, पोटातून आलेलं. पुढच्या रांगेतल्या एक पाहुण्या बाई खुर्चीत सरळ बसल्या. साहेबांची मान गर्रकन माझ्याकडं वळली आणि मी त्याच्याकडं पाहून हसले, नाकावर टिच्चून. मग मी आईला शोधलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि त्या दोघींकडं पाहून घेत होती, एकदा इकडं, एकदा तिकडं. सखीनं तिच्या मांडीवर थाप मारली. आई अशी बसली होती की मी तिला तशी बसलेली महिन्याभरात पाहिली नव्हती.

पुढची चार मिनिटं ती तशीच होती. चार मिनिटं.

मग नावं आली.

काळ्या पडद्यावर "कथा" आणि खाली साहेबांचं नाव. आणि आवाज, "अबे या बाईले कोनी बोलाले शिकवलं का नाई बे!" पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही. दुसऱ्या नावाला कळलं. मागच्या पोरांनी शिट्टी मारली. "ओय डायरेक्टर!" तिसऱ्या नावाखाली ती मोठी शिवी आली आणि आमचे सर उभे राहिले. साहेब खुर्च्या ओलांडत कन्सोलकडं धावला, ब्लेझरची बाही खुर्चीत अडकली, फाटली. त्यानं वायर ओढली तोवर सगळं वाजून झालं होतं. सगळं म्हणजे सगळं. पाहुण्या बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की मला आत्ताही आठवून गोड वाटतं. त्या दिवसापासून कॉलेजात त्याचं नाव "थोडंसं" पडलं. "ए थोडंसं, सरक ना थोडंसं." शेवटच्या पेपरपर्यंत. निरोप समारंभाला तो आलाच नाही. जशास तसं झालं, आणि त्या बाबतीत मला काडीचा पश्चात्ताप नाही. सरांनी माझे मार्क कापले, कापू देत.

गर्दीतून वाट काढत मी आईला शोधायला निघाले. मला वाटत होतं की ती मला पोटाशी धरेल. ती बाहेर, हॉलच्या मागं नळाजवळ उभी होती, एकटी. त्या दोघी अजून आतच अडकल्या होत्या, चपला सापडत नव्हत्या म्हणून.

मी म्हटलं, "पाह्यलं? कसा धावला तो! ब्लेझर फाटला लेकाचा."

आई म्हणाली, "हाव, पाह्यलं."

मग नळाकडं पाहत म्हणाली, "मागल्या डाव त्या दोघीनं इचारलं ना मले, का आवाज कोनाचा होता मनून, तं मी सांगतलं होतं का मशीन बिघडली होती. घशाचं दुखनं होतं माहं, मनून दुसरीचा लावला. त्याइले पटलं होतं ते."

"मंग आज तं आइकला ना खरा!" मी म्हटलं.

"आइकला ना." तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तो मले बोल्ला ते त्या दिशी घरात पाच जनाइनं आइकलं होतं. मी गरीब मानूस, चुकलं जी, चुकलं जी करत होती, तेबी त्याइनंच आइकलं. मी ते कोनाले सांगतलं नोतं. तुह्या बाले बी नाई. आज तू साऱ्या हालले आइकवलं. आता का सांगू मी त्याइले?"

मला म्हणायचं होतं की ते त्याची लाज काढायला ठेवलं होतं. तोंड उघडलंही. पण मला आठवलं की मैत्रिणीनं कापू का म्हणून विचारलं होतं आणि मी राहू दे सातही म्हटलं होतं. त्याला आईचा आवाज नको होता म्हणून त्यानं काढला. मला पाहिजे होता म्हणून मी वापरला. आईला त्यानंही विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात त्या दोघी आल्या. सखीचा चेहरा पडलेला. खिचडीवाली मावशी म्हणाली, "अवं, तुले एवढं बोल्ला तो? अन् तू त्याले माफी मांगत होती? अन् हे समद्याइले काहून दाखवलं पोरीनं?"

आईनं पदर नीट केला. चांगल्या मोठ्या आवाजात, हॉलमधून बाहेर पडणाऱ्या चार लोकांनाही ऐकू जाईल अशी म्हणाली, "मीनंच सांगतलं होतं तिले. असू दे मनलं, आइकू दे लोकाइले. तिचा काई दोष नाई त्याच्यात."